गोल्फच्या मैदानातला मोथा

९ जून, सौंदड

आज धुरे मोडले.

सकाळी ट्रॅक्टर लावला आणि दुपारपर्यंत मधले मातीचे बांध जाऊन रेल्वे लाइनीकडच्या आमच्या धानाच्या बांध्या मिळून एकच सपाट वावर झालं. बाबूजींनी तरुणपणी हे धुरे स्वतःच्या हातानं घातले होते. ते आले, पाहिलं आणि एक शब्द न बोलता परत गेले. जेवायला मी पाटावर बसलो तसे ते उठून गेले. होईल राग शांत.

ही डायरी खताच्या दुकानदारानं दिली होती, आजवर कोरीच होती. दुर्गाप्रसाद म्हणाला, "धंदा सुरू करतो आहेस तर लिहीत जा. गोल्फवाले लोक खेळ झाला की घरी जाऊन लिहितात, कुठं चुकलं, कुठं जमलं." दुर्गाप्रसाद मूळचा कामठ्याचा. गोंदियाला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. आता तो नागपूरजवळच्या एका गोल्फ मैदानात गवताचा इनचार्ज आहे. गोल्फ म्हणजे काठीनं पांढरा चेंडू मारत मारत लांबच्या, निशाण रोवलेल्या भोकात घालायचा खेळ. त्याला शंभरेक एकर हिरवळ लागते, आणि हिरवळ खराब झाली की तिथं तयार गवताचे पट्टे आणून बसवतात. दुर्गाप्रसाद म्हणाला, "हे पट्टे आम्ही फार दुरून मागवतो. तू सौंदडला पिकव, मी घेतो."

मी राइस मिलमध्ये सुपरवायझर होतो. मालकानं मिल बंद करून मशिनी विकल्या, तेव्हापासून घरीच आहे. सत्तेचाळिसाव्या वर्षी कोण नोकरी देतं? म्हणून गवत.

नंदाला हे सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "आजवर धानातलं गवत उपटलं. आता का गवतातलं धान उपटाचं?"

१६ जुलै

आज गवताचा रोवणा झाला. दुर्गाप्रसादनं पाठवलेल्या गवताच्या कांड्या चिखलात लावायच्या होत्या. मंदाबाई आणि तिच्यासोबतच्या बाया आल्या. गावात रोवण्याचं काम मंदाबाईच ठरवते. कांडी हातात घेऊन तिनं उलटीपालटी केली आणि ओरडली, "अवो नंदा, हे त दूब होय वो! तुझ्या नवऱ्यानं शहरातून दूब आणली!" बाया हसून हसून चिखलात बसल्या. मी समजावून सांगितलं की ही बांधावरची साधी हरळी नाही, वेगळ्या जातीची आहे, पान बारीक असतं, दाट पसरते. मंदाबाई म्हणाली, "हाव जी भाऊ, बारीक दूब."

तेव्हापासून बसस्टँडवर पोट्टे मला 'दूबवाले काका' म्हणून राहिले आहेत.

बाबूजींचं वागणं मात्र बिघडत चाललं आहे. रोज सकाळी काठी घेऊन वावराच्या काठावर मोहाच्या झाडाखाली जाऊन बसतात. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसावं की बघा, पोरगा वेडा झाला. एखादी गाय आमच्या वावराकडे वळली की उठून एवढ्यानं ओरडतात की अख्ख्या गावाचं लक्ष आमच्याकडे जातं. नंदाला म्हटलं, "त्यांना सांग, घरी बसा." ती म्हणाली, "बसू द्या ना जी. तुमाले काऊन तरास?" ती डबाही तिथंच नेऊन देते.

४ ऑगस्ट

गोल्फचं मैदान पाहून आलो. सडक अर्जुनीहून बस धरली. आत पाऊल टाकलं आणि चपला काढाव्याशा वाटल्या, इतकं स्वच्छ.

दुर्गाप्रसादनं एक काठी हातात दिली. मी जोर लावून मारली तर चेंडू जागेवरच आणि माती मात्र उडून माझ्या शर्टावर. तो म्हणाला, "निशाण कायले पाहतो? निशाण कुठं पळून जाऊन राहिलं का? बॉल पाह." हे मी लिहून ठेवतो आहे, धंद्यातही असंच असतं. दूरचा नफा पाहत बसलं की हातातलं काम चुकतं.

पण आजची खरी गोष्ट वेगळीच आहे. तिथं एक म्हातारे डॉक्टर येतात, डोळ्यांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणतात. त्यांचा चेंडू झाडाखाली पडला होता. त्याला चिकटलेलं एक वाळलं पान त्यांनी अलगद काढलं, आणि चेंडू जरासा, अगदी जरासा हलला. सोबतचे खेळाडू पार लांब होते. मी पाहिलं ते झाडाला टेकून उभा होतो म्हणून. डॉक्टरसाहेबांनी चेंडू परत होता तिथं ठेवला आणि लांबून ओरडून सांगितलं, "मेरा एक बढ़ाओ भई, बॉल हिल गया!" ह्या खेळात कमी फटके लागले तो जिंकतो, आणि चेंडू हलवला की एक फटका दंड.

मी दुर्गाप्रसादला विचारलं, "यांचा पंच कुठं आहे?"

"पंच नसतो. ज्याची चूक झाली त्यानंच सांगायची."

"आणि नाही सांगितली तर?"

"तर नाही सांगितली."

मला हसू आलं. असा कसा खेळ? पण बसमध्ये सारखं तेच आठवत राहिलं. शिकलेल्या, मोठ्या लोकांचं जग वेगळंच. आपल्याकडे असं कोणी करणार नाही.

१० ऑगस्ट

आठवडी बाजारात नंदासोबत बसलो. परसातली वांगी विकायला ती दर आठवड्याला जाते. मिल बंद पडल्यापासून घरातलं तेलमीठ त्यावरच चाललं आहे, पण तो काही धंदा म्हणता येणार नाही.

तिची एक खोड पाहिली. किडकं वांगं दिसलं की ती ते वेगळ्या ढिगात टाकते आणि गिऱ्हाइकाला आपणहून सांगते, "हे किडकं होय जी, निम्मं फेका लागन. स्वस्तात नेता का?" मी हळूच म्हटलं, "अगं, चांगल्यात एखाद-दुसरं मिसळलं तर कोणाला कळतं?"

ती वांगी पुसत म्हणाली, "अठी नाही कळत. घरी जाऊन चिरते ना जी गिऱ्हाईक."

तिला धंद्याचं मोठं गणित समजत नाही. एकदा गोल्फचं मैदान दाखवायला पाहिजे.

२८ सप्टेंबर

गवत असं आलं आहे की पाहत राहावं. दुर्गाप्रसाद आला होता. बूट-मोजे काढून तो अनवाणी वावरभर फिरला आणि म्हणाला, "गज्या, हे आमच्यापेक्षा चांगलं आहे." नंदानं त्याला चिंच घालून मासे खाऊ घातले. त्यानं ऑर्डर पक्की केली. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांच्याकडे मोठी स्पर्धा आहे. जिथून पहिला फटका मारतात त्या जागांना टी म्हणतात. तिथलं गवत मार खाऊन खाऊन उडालं आहे. ते सगळं आमचं बसणार. पहिला ट्रक दिवाळीआधी, दुसरा नंतर.

त्याच्यासमोरसुद्धा बाबूजी माझ्याशी बोलले नाहीत. तो गेल्यावर त्यांनी नंदाला विचारलं, "पट्ट्यासंगं माती किती जाते?" बोटभर जाते. तिनं मला येऊन सांगितलं. मी म्हटलं, "सांग त्यांना, उन्हाळ्यात बोडीच्या तळ्यातला गाळ आणून टाकू. यंदाही रेल्वेकडचा कोपरा खोल होता तर गाळच टाकला ना?"

माणसाचं वय झालं की मातीतच जीव अडकतो. पोरगा नवीन काही उभं करतो आहे याचं कौतुक नाही.

१६ ऑक्टोबर

पहिला ट्रक गेला!

पावड्यानं पट्टे कापायचे, चटईसारखे गुंडाळायचे, ओल्या पोत्याखाली रचायचे. बायांनी मान वर केली नाही. ट्रक हायवेला लागला तेव्हा मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. धाब्यांसमोरून जाताना वाटलं, सगळ्यांना ओरडून सांगावं की मागं काय आहे. संध्याकाळी तिथल्या माळ्यांनी पट्टे बसवले, पाणी दिलं. शिवणसुद्धा दिसत नव्हती. मॅनेजरसाहेबांनी माझा हात हातात घेतला.

नीतूचा फोन आला. आमची पोरगी नागपूरला नर्सिंग करते. म्हणाली, "बाबा, तुम्ही बोलताना आवाज बदलला तुमचा." काय बदलला ते नाही सांगितलं.

नंदा म्हणाली, ट्रक गेल्यावर बाबूजी मोकळ्या झालेल्या जागेत बसून हातानं ढेकळं फोडत होते. त्यांचा राग काही जात नाही.

२८ ऑक्टोबर

भाऊबीज झाली, दुसऱ्या ट्रकची तयारी करायची म्हणून वावरात गेलो. नंदा माझ्याआधी गेली होती. रेल्वेकडच्या कोपऱ्यात उकिडवी बसली होती, उठली नाही. जवळ गेलो.

मोथा.

जिथून पट्टे कापून नेले त्या जागेत उभे, ताठ, तीनधारी कोंब. एक-दोन नाही. बोडीच्या गाळातून आला. मोथा वर दिसतो तेवढा नसतो, खाली त्याच्या गाठी असतात. वरून उपटला की गाठ राहते आणि एकाचे चार होतात. पट्टे कापले तेव्हा गवत दाट होतं, कोंब वर आलेले नव्हते. निम्मा ट्रक ह्याच कोपऱ्यातून भरला होता.

म्हणजे गाठी तिथं गेल्या. माझ्या हातांनी.

२९ ऑक्टोबर

विचार केला. एक, एवढ्या मोठ्या मैदानात त्यांचा स्वतःचा मोथा असणारच. दोन, थंडी पडली की तो वाढत नाही, स्पर्धा होऊन जाईल. तीन, पट्टे दुसरीकडूनही येतात, कोणत्या पट्ट्यातून आला हे कोण सांगणार? कोणी पाहिलेलं नाही.

दुर्गाप्रसादला मेसेज लिहिला. पुसला. परत लिहिला, "फोन कर" एवढाच, तोही पुसला. नंतर त्याचाच फोन आला. म्हणाला, डॉक्टरसाहेब विचारत होते हे गवत कुठून आणलं, फार खूश आहेत. मी म्हटलं, "हो का? वा."

३० ऑक्टोबर

बरं वाटत नाही. कुठं गेलो नाही.

१ नोव्हेंबर

आज संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना नंदाला डॉक्टरसाहेबांची गोष्ट सांगितली, म्हटलं, मन दुसरीकडे वळेल. पान काढलं, चेंडू हलला, कोणी पाहिलं नाही आणि तरी यांनी ओरडून सांगितलं. "किती मोठं मन बघ," मी म्हटलं.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "हे त मी दर बाजारात करते," ती म्हणाली. "तुमाले हे पाहाले नागपूरले जा लागलं?"

मी कप खाली ठेवला.

"फोन लावा," ती म्हणाली.

"ऑर्डर जाईल, नंदा."

"जाईन."

"दुर्गाप्रसादची नोकरी आहे तिथं. त्याच्या शब्दावर घेतलं त्यांनी. त्याला काय तोंड दाखवू?"

"मंग आज लावला नाही त उद्या त्यालेच दिसन. तेव्हा तोंड कुठून आणान?"

बाबूजी आतल्या खाटेवर होते. ते बाहेर आले, दाराला धरून उभे राहिले. जूनपासून माझ्याशी बोललेले नाहीत. मला वाटलं आता धुऱ्यांचं निघणार, गाळाचं निघणार. ते म्हणाले, "पट्टे कापले कोणी?"

"मीच."

"मंग बायकोले काऊन विचारून राहिला? जा."

आणि आत गेले. बस, एवढंच. पण बोलले.

२ नोव्हेंबर

फोन केला नाही. गेलो. कागदात मोथ्याचं एक झाड गाठीसकट बांधून नेलं.

दुर्गाप्रसाद टीवरच्या पाण्याचा पाइप हलवत होता. मला पाहून खुलला. मी कागद उघडला. त्यानं गाठ बोटांत धरली, माझ्याकडे पाहिलं, मग गवताकडे. गुडघे टेकून तो पट्ट्यांवर हात फिरवत गेला आणि बऱ्याच अंतरावर थांबला. होता. सुईएवढे कोंब.

तो मला काय काय बोलला ते लिहीत नाही. खरं ते सगळं. शेवटी म्हणाला, "एवढं होऊन तू आलास कायले? फोनवर सांगितलं असतंस तर शिव्या देऊन फोन आपटला असता. आता तोंडावर द्याव्या लागून राहिल्या." त्याचे डोळे लाल झाले होते. माझेही.

मॅनेजरसाहेब शांत होते, त्याची जास्त भीती वाटली. म्हणाले, दुसरा ट्रक रद्द. औषध मारलं तर स्पर्धेच्या आधी गवत पिवळं पडेल आणि पट्टे काढून नवे बसवायला वेळ नाही. "तुम्हीच सांगा काय करू?"

तेवढ्यात नंदाचा फोन. मी कापणार होतो, चुकून उचलला गेला. म्हणाली, "का म्हणते ते?" सांगितलं. म्हणाली, "दुर्गाप्रसादभाऊले द्या." दिला. मला फक्त त्याची बाजू ऐकू येत होती. "हो वहिनी... हातानं? ... गाठीसकट? ... नाही, गवताला धक्का नको... किती जणी?" त्यानं फोन माझ्या हातात ठेवला आणि मॅनेजरकडे वळला. "सर, गाव से औरतें आ रही हैं।"

मी नंदाला म्हटलं, "अगं, एवढ्या लांब बायांना घेऊन येणार? धान कोण कापणार?"

"हलकं धान कापून झालं. भाऱ्या धानाले अजून टेम हाये. मंदाबाईले सकाळीच विचारलं मी."

सकाळी! मी तर दुपारी पोचलो.

५ नोव्हेंबर, मैदानावर

बाया माळ्यांच्या खोल्यांत राहिल्या आहेत. मी स्टोअरमध्ये, गवत कापायच्या मशिनीशेजारी.

नंदानं प्रत्येक टीवर रोवण्यासारख्या दोऱ्या ताणल्या. एकेका पट्टीत एकेक बाई, हातात खुरपीचं टोक आणि शेजारी डबा. कोंबाच्या बाजूनं खुरपी तिरपी घालायची, गाठ हाताला लागेपर्यंत माती मोकळी करायची, गाठ डब्यात, भोक बोटानं दाबून बंद. मागं फक्त ओला ठिपका राहतो. मी देखरेख करतो आहे. पाणी, चहा, डबे रिकामे करणं वगैरे.

खेळ बंद नाही. लोक आमच्या बाजूनं खेळून जातात. आज एका साहेबांचा चेंडू मंदाबाईच्या पायाशी येऊन थांबला. तिनं उचलला, पदरानं पुसला आणि धावत जाऊन साहेबांच्या हातात दिला, "घ्या जी साहेब, पडलं होतं तुमचं." चेंडू पडला तिथूनच पुढचा फटका मारायचा असतो. साहेब चेंडू हातात घेऊन उभेच. डॉक्टरसाहेब त्यांच्यासोबत होते. ते हसता हसता खोकायला लागले. नंतर ते मंदाबाईजवळ आले आणि हात जोडून म्हणाले, "माई, तुमची चूक नाही. फक्त आमच्या मागं एवढं धावत येऊ नका, आम्हाला लाज वाटते."

मला म्हणाले, "तुम्हीच ते ना, स्वतः येऊन सांगणारे?"

मी म्हटलं, "साहेब, मी तुमच्याकडूनच शिकलो. पान काढताना तुमचा चेंडू हलला होता, त्या दिवशी मी झाडाखाली होतो."

त्यांना आठवेना. "हिला होगा," ते म्हणाले. "रोज कुछ ना कुछ हिलता है।"

९ नोव्हेंबर, मैदानावर

आमच्या टींचं काम झालं. दुर्गाप्रसादनं स्वतः वाकून पाहिलं आणि मला चहा पाजला. दोस्ती आहे तशी राहील असं वाटतं.

पण मॅनेजरसाहेबांनी आज जरा अपमान केला. नंदाला म्हणाले, "वरच्या तीन होलजवळ आमचा स्वतःचा जुना मोथा आहे. तो पण काढाल का? मजुरी ठरवून देतो." माझ्या गवताचं नाव नाही, आणि निंदणाचं विचारतात. मी नाही म्हणणार होतो. नंदा म्हणाली, "दोन दिवस लागन साहेब. अना बायाइले संडास साफ पाहिजे, मागचं तुंबलं हाये." साहेबांनी लगेच माणूस पाठवला. मी इतके दिवस तिथं होतो, मला कसं नाही सुचलं?

१२ नोव्हेंबर, सौंदड

घरी आलो. वावरात गेलो तर रेल्वेकडचा कोपरा हातभर खोल खणलेला. माती चाळून ढिगानं बाजूला, मोथ्याच्या गाठी काठावर वाळत घातलेल्या. आणि कोपऱ्याभोवती नवा धुरा. ओला, हातानं थापलेला, बोटं उमटलेली.

बाबूजी मोहाखाली बसले होते. हाताला चिंध्या बांधल्या होत्या. मी म्हटलं, "ह्या वयात हे कायले?"

"पाण्यासंगं गाठी वाहून तुझ्या साऱ्या गवतात जातीन. म्हणून आडवं घातलं." मग म्हणाले, "एवढा कोपरा धानाले राहू दे. बाकीचं तुझं तू पाह."

मी त्यांच्याजवळ बसलो. एक म्हैस वावराकडे वळली. त्यांना उठता येईना म्हणून मी उठलो आणि ओरडलो. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. गुरं ऐकत नाहीत. बाबूजी हे दिवसभर उन्हात कसं करायचे?

८ डिसेंबर

स्पर्धा पार पडली. दुर्गाप्रसादनं फोटो पाठवले. टींवर लोक उभे आहेत आणि पायाखाली आमचं गवत. कोणी गवताकडे पाहत नाही, म्हणजे चांगलं आहे.

पुढल्या वर्षीच्या पट्ट्यांबद्दल साहेब अजून हो म्हणत नाहीत. "एक हंगाम पाहू," म्हणाले. पण नंदाच्या बायांनी दर महिन्याला यावं असं म्हणतात. गोंदियाच्या एका कॉलेजचाही फोन आला, लॉनसाठी. मी विचारलं, गवत पाहिजे का? म्हणाले, नाही, नंदाबाईंना द्या.

माझा नंबर आहे. माझा फोन आहे.

नंदानं मंदाबाईला बोलावून कोण कधी येऊ शकते ते विचारून घेतलं. कोणाच्या घरी लेकरू लहान आहे, कोणाची भात-मळणी बाकी आहे, सगळं तिला तोंडपाठ आहे. गवत पायावर उभं राहीपर्यंत हे चालू द्यायला हरकत नाही, असं मी ठरवलं. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "हाव, चालू द्या."

बायांची ने-आण करायला एक जुनी व्हॅन घेतली. मी चालवतो.

१७ जानेवारी

आज नवेगाव बांधाकडच्या एका रिसॉर्टवर काम होतं. गेटवरच्या चौकीदारानं व्हॅन थांबवली. बाया उतरून आत गेल्या, मी मागं राहिलो. त्यानं विचारलं, "आप किसके साथ?"

मिलमध्ये असताना कोणी असं विचारलं असतं तर मी पद सांगितलं असतं. आज तोंडाशी 'मालक' आलं होतं. पण आत पाहिलं. नंदा लॉनच्या मधोमध उभी राहून दोरी कुठून ताणायची ते हातानं दाखवत होती, आणि रिसॉर्टचे साहेब तिचं ऐकत उभे होते. हा सगळा धंदा तिचा आहे. माझ्या गवतानं तिला फक्त मैदानापर्यंत नेऊन सोडलं. हे गावात सगळ्यांना कधीचं माहीत असणार. मंदाबाईला तर नक्कीच.

"नंदाबाईंसोबत," मी म्हटलं. "मी नवरा त्यांचा. गाडी चालवतो."

"अच्छा, मॅडम के," तो म्हणाला आणि मला खुर्ची दिली. आजवर कुठल्याच गेटवर मिळाली नव्हती.

दुपारी नंदा जेवायला व्हॅनमध्ये येऊन बसली. हाताला मातीचा वास. भाकरी खाताना तिनं ब्लाउजमधला बटवा काढला आणि त्यातून एक कार्ड माझ्या मांडीवर ठेवलं. शिकाऊ लायसन्स. तिचा फोटो, घाबरल्यासारखा. गेल्या महिन्यात नीतूकडे जाऊन आली होती, तेव्हाच काढलं म्हणे.

"मले सांगतलं नाही," मी म्हटलं.

"तुमी म्हणले असते, कायले."

म्हटलंच असतं.

"फेब्रुवारीत दोन ठिकाणी एकाच दिवशी जा लागते," ती म्हणाली. "तुमी बशीनं एका जागी, मी गाडी घेऊन दुसऱ्या. मंग शिकवा ना जी."

गेटबाहेर मोकळं मैदान होतं. क्लच, ब्रेक, गिअर दाखवले. चार-पाच वेळा गाडी बंद पडली. बाया झाडाखाली बसून टाळ्या वाजवत होत्या. मी सारखा सांगत होतो, लांब पाह, हळू सोड, हात सैल ठेव. ती घामाघूम. शेवटी म्हणाली, "तुमी थोडा वेळ बोलू नोका." मी गप्प बसलो. गाडी निघाली. तिनं मैदानाला एक फेरी घातली, मग अजून एक, विनाकारण.

परतताना कालव्याच्या रिकाम्या रस्त्याला लागलो तशी तिनं जागा बदलून मागितली. बायांनी देवाचं नाव घेतलं. मंदाबाई म्हणाली, "मी उतरून पायी येते वो माय," पण उतरली नाही. नंदानं दुसऱ्या गिअरमध्ये सौंदडपर्यंत आणली. आमच्या बाजूनं सायकली पुढं निघून जात होत्या. मी डाव्या बाजूला बसून पहिल्यांदाच हा रस्ता नीट पाहिला. बांध्यांमध्ये लाखोरीच्या डाळीचं पीक फुललं आहे, बगळे उतरले आहेत.

रेल्वे फाटक बंद होतं. तिनं ब्रेक जरा उशिरा दाबला, मागच्या सगळ्या जणी एकमेकींच्या अंगावर. हसण्याचा असा कल्लोळ उठला की फाटकवाला बाहेर येऊन पाहायला लागला. मालगाडी लांबलचक होती. ती जाईपर्यंत नंदानं स्टिअरिंग सोडलं नाही. कपाळावरचा घाम पुसायलाही नाही. मी माझ्या रुमालानं पुसला. सगळ्यांसमोर. तिनं मान हलवली नाही, डोळे सरळ समोर.

फाटक वर गेलं. मागून ट्रकनं हॉर्न दिला. तिनं पहिला गिअर टाकला, खरर्‌ आवाज आला, परत टाकला, आणि गाडी रुळांवरून पलीकडे नेली.